ओकच्या पेटीची किल्ली कोणाकडे होती?

१/
१ जुलै १६६१. लंडनच्या नौदल कचेरीतील अधिकारी सॅम्युअल पीप्स शहरात खरेदीला गेला. स्वतःच्या खोलीसाठी त्याने खणांचे एक देखणे कपाट घेतले, ३३ शिलिंगांना. आणि अंगावर घालायला एक ‘इंडियन गाउन’, म्हणजे पौर्वात्य धर्तीचा सैल झगा, ३४ शिलिंगांना. दोन्ही किमती त्याच्या रोजनिशीत एकापाठोपाठ नोंदलेल्या आहेत. खणांच्या अख्ख्या कपाटापेक्षा एक झगा शिलिंगभर महाग! जुन्या ओकच्या पेट्यांची गोष्ट या हिशेबापासूनच सुरू व्हायला हवी. आज त्यांच्याविषयी जे लिहिले-बोलले जाते, ते नेमके उलट्या टोकाने: लाकूड मोलाचे, आत काय होते ते गौण.

२/
पीप्सने घेतले तसे खणांचे कपाट तेव्हा नवी चीज होती. त्याच्या आजोबांच्या काळातील सामान्य इंग्रजी घरात एक लांब मेज, बाके, तिवया, ऐपत असल्यास पलंग, आणि पेट्या एवढेच सामान असे. जे जपायचे, झाकायचे किंवा कुलुपात ठेवायचे, ते सारे पेटीत. चादरी पेटीत, पीठ पेटीत, पैसे पेटीत, जमिनीचे कागदही पेटीतच. पाहुणा आला की त्याच पेटीवर बसे.

३/
आणि पेटी बहुधा ओकची. याचे कारण सौंदर्यात शोधू नये. ओकच्या खोडात गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या किरणरेषा असतात. त्यांच्या रोखाने पाचर ठोकली की लाकूड करवतीवाचून फळ्यांत उकलते, आणि अशी उकललेली फळी सहसा पीळ खात नाही. ओक कठीण आहे, ओलीला दाद देत नाही, उंदरांना पुरून उरतो. सुतार तो ओला असतानाच घडवीत. पुढे लाकूड वाळून आक्रसले की जोडात ठोकलेल्या लाकडी खुंट्यांची डोकी पृष्ठभागाच्या किंचित वर येत. साडेतीनशे वर्षे जुन्या पेटीवरून बोट फिरवले तर ती आजही लागतात. नकली पेटीत ही गोष्ट साधणे अवघड.

४/
सर्वांत आदिम पेटी म्हणजे पोखरलेले खोड. इंग्लंडच्या काही जुन्या चर्चमध्ये अशा पेट्या अजून आहेत. इंग्रजीत झाडाच्या खोडालाही ‘ट्रंक’ म्हणतात आणि प्रवासाच्या पेटीलाही, तो योगायोग नसावा.

त्यानंतर सहा फळ्यांची पेटी: चार बाजू, तळ, झाकण, सगळे खिळ्यांनी ठोकलेले. स्वस्त आणि झटपट. मात्र तिच्यात एक उपजत दोष आहे. पुढच्या फळीचे तंतू आडवे, कडेच्या फळ्यांचे उभे. लाकूड ऋतुमानाप्रमाणे रुंदीत फुगते-आक्रसते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणजे एक फळी हलू पाहते आणि दुसरी तिला हलू देत नाही. परिणाम एकच: तडा.

५/
खरा शोध लागला तो चौकटीचा. जाड पट्ट्यांची चौकट करायची, पट्टीचे टोक दुसऱ्या पट्टीच्या खाचेत बसवून वरून खुंटी मारायची, आणि मधली पातळ फळी चौकटीच्या खोबणीत नुसती सरकवून ठेवायची. खिळा नाही, सरस नाही. फळी हवे तसे श्वास घेते, चौकट जागची हलत नाही. दाराच्या तावदानांपासून भिंतीच्या आच्छादनापर्यंत पुढची कित्येक शतके लाकूडकाम या एका युक्तीवर चालले.

ही युक्ती इतकी मोलाची होती की तिच्यावरून भांडणे झाली. १६३२ मध्ये लंडनच्या नगरप्रमुखांना साध्या सुतारांचा आणि ‘जॉइनर’ म्हणजे जोडकामाच्या कारागिरांचा वाद सोडवावा लागला. निवाडा असा: खाच, खुंटी आणि पंख्याच्या आकाराचे जोड असलेले काम जॉइनरांचे, खिळ्यांनी ठोकलेल्या फळ्यांचे काम सुतारांचे. घरातील दोन पेट्या कोणत्या संघाच्या माणसाने केल्या, हे तिच्या कोपऱ्यावरून सांगता यावे!

६/
पेट्यांत नेमके काय होते, हे कळते मृतांच्या याद्यांवरून. १५२९ मध्ये आठव्या हेन्रीच्या राजवटीत झालेल्या कायद्यानंतर इंग्लंडमध्ये मृत व्यक्तीच्या जंगम मालमत्तेची जिनसवार यादी करण्याचा प्रघात पक्का झाला. शेजारचे दोन-चार जाणते लोक येत, खोली-खोलीतून फिरत, प्रत्येक वस्तूपुढे किंमत लिहीत. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या अशा हजारो याद्या दप्तरखान्यांत टिकल्या आहेत. राजांच्या बखरी वाचून कंटाळलेल्या कोणाही तरुण अभ्यासकाने त्या एकदा पाहाव्यात. कढया, पिंपे, गादीतील पिसे, मळणी न झालेले धान्य, आणि जागोजागी पेट्या.

७/
या याद्यांत वारंवार दिसते ते असे: पेटी थोड्या शिलिंगांची आणि आतले तागाचे कापड तिच्या कितीतरी पट. नवल नाही. ताग म्हणजे येथे जवसाच्या देठाचा तंतू, लिनन. देठ पाण्यात कुजवायचे, कुटायचे, विंचरायचे, सूत कातायचे, विणायचे, मग आठवडेच्या आठवडे कुरणावर पसरून उन्हात पांढरे करायचे. एका चादरीत बाईमाणसाच्या कष्टांचे किती दिवस गुंतलेले असत! म्हणून चादरी जोडीने मोजल्या जात, मृत्युपत्रात लेकींना वाटून दिल्या जात, आणि कसरीपासून जपण्यासाठी त्यांच्या घड्यांत लॅव्हेंडर नाही तर कडूजार दवण्याच्या जातीची वाळवलेली पाने ठेवली जात.

८/
नावांचाही येथे विचार करायला हवा. याद्या लिहिणारे चेस्ट, कॉफर, हच, आर्क, ट्रंक असे शब्द वापरीत, आणि ते फार काटेकोरपणे वापरीत असेही नव्हे. उत्तर इंग्लंडमध्ये ‘आर्क’ म्हणजे धान्य किंवा पीठ साठवायची मोठी पेटी, आपल्याकडच्या कणगीचे काम करणारी. ती बनवणारा तो ‘आर्कराइट’. त्या धंद्याचे नाव आडनाव झाले आणि लँकेशरमधील प्रेस्टनच्या रिचर्ड आर्कराइटने १७६९ मध्ये पाण्यावर चालणाऱ्या सूतकताई यंत्राचे पेटंट घेतले. पिठाच्या पेट्या करणाऱ्यांच्या आडनावाच्या या माणसाने घरोघरच्या चरख्यांचे काम गिरणीत नेले. गिरणीच्या स्वस्त कापडाने हातमागाच्या तागाचे मोल उतरले, आणि कापड पेटीत कुलूप लावून ठेवण्याची गरजही हळूहळू सरली. इतिहासाला अशी थट्टा करायची खोड आहे.

९/
आता आजच्या बाजारातील नावे पाहा. ‘बायबल बॉक्स’, ‘स्वोर्ड चेस्ट’, ‘डावर चेस्ट’, ‘मंक्स बेंच’. यांतील बहुतेक नावे एकोणिसाव्या शतकातील संग्राहक आणि विक्रेते यांची देणगी आहे. लहान ओकची पेटी दिसली की तिच्यात बायबल असणारच. लांब असली की तलवारी. मूळ याद्यांत त्या लहान पेटीला नुसते ‘बॉक्स’ म्हटलेले असते, आणि तिच्यात सुईदोऱ्यापासून पावत्यांपर्यंत काहीही असे.

‘मंक्स बेंच’ तर विनोदच आहे. खाली पेटी, वर बसायची फळी, आणि पाठ आडवी पाडली की मेज होणारे हे बाक. इंग्लंडमधील मठ आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात बरखास्त केले. बाजारात या नावाने विकली जाणारी बहुतेक बाके त्यानंतरची आहेत. भिक्षू उरले नव्हते, बाक मात्र त्यांचे!

१०/
कोरीवकामाची कथा याहून वाईट. व्हिक्टोरियाच्या काळात ‘एलिझाबेथन’ धाटणीची हौस उसळली. श्रीमंतांना आपले नवे घर जुने दिसायला हवे होते. मग सतराव्या शतकातील साध्या, सपाट पेट्या उचलून त्यांवर वेलबुट्टी, सिंहमुखे आणि सोयीची तारीख कोरली जाऊ लागली. लाकूड खरे, जोड खरे, झीज खरी. नक्षी तेवढी दोनशे वर्षांनी उशिराची. लंडनमधील वॉर्डूर स्ट्रीट या धंद्यासाठी इतकी कुप्रसिद्ध झाली की १८८८ मध्ये एका टीकाकाराने विल्यम मॉरिसच्या ‘ओडिसी’च्या भाषांतरातील कृत्रिम जुनाट भाषेला ‘वॉर्डूर स्ट्रीट इंग्लिश’ म्हणून हिणवले. नकली पेट्यांच्या गल्लीचे नाव नकली भाषेला मिळाले.

११/
त्या गडद काळ्या रंगाचेही तसेच. ताजा ओक मधाच्या रंगाचा, फिकट असतो. अनेक पेट्या तर मुळात रंगवलेल्या होत्या. कोरीव खाचांच्या तळाशी लाल-काळ्या रंगाचे कण कधीकधी अजून सापडतात. काळाने, धुराने आणि मेणाने लाकूड गडद झाले हे खरे, पण उरलेली काळोखी एकोणिसाव्या शतकातील रोगणाची आहे. ‘जुने इंग्लंड’ म्हणून चित्रपटांत जी अंधारी, काळ्या लाकडाची दालने दाखवतात, ती बरीचशी व्हिक्टोरियन कल्पना.

१२/
मग विश्वास कशावर ठेवायचा? पेटीच्या ज्या भागाकडे कोणी पाहत नाही, त्यावर. पाय खालून आखूड झालेले असतात, कारण ते शतकानुशतके ओल्या मातीच्या किंवा दगडी जमिनीवर उभे राहून कुजले. झाकणाची पुढची कड मध्यभागी झिजलेली असते. तेथे हजारो वेळा हात पडला आहे. झाकणाच्या वरच्या बाजूवर सुरीचे चरे आणि भांड्यांची वर्तुळे असतात. बिजागरीपाशी एक जास्तीचे भोक दिसले तर कधीतरी बिजागरी तुटली आणि कोणीतरी घरच्या घरी दुरुस्त केली. यांतील एकही गोष्ट शोभेची नाही. पण प्रत्येक गोष्ट घरातील आहे.

१३/
खिळ्याभोवतीचा निळसर-काळा डागही पाहावा. ओकमध्ये टॅनिन असते. ओल्या हवेत ते लोखंडाशी संयोग पावते आणि लाकूड काळे पडते. हीच रासायनिक क्रिया युरोपच्या लेखणीमागेही आहे. ओकच्या झाडावर कीटकांमुळे उठणाऱ्या गाठी आणि लोहाचा क्षार यांपासून तेथील शाई बनत असे. १५३८ मध्ये थॉमस क्रॉमवेलने प्रत्येक परगण्याच्या चर्चला बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवण्याचा हुकूम केला, आणि ती वही ठेवायला एक मजबूत पेटीही घ्यायला लावली. ओकच्या पेटीत ओकच्याच शाईने लिहिलेली वही! आज इंग्लंडमधील कोणी आपल्या खापरपणज्यांचा शोध घेतो, तो या पेट्यांच्या जोरावर.

१४/
त्या हुकुमातील एक तपशील विसरू नये. पेटीला कुलुपे दोन. एक किल्ली धर्मगुरूकडे, दुसरी चर्चच्या विश्वस्तांकडे. दोघे हजर असल्याशिवाय पेटी उघडणार नाही. संशय हा येथे व्यवस्थेचा भाग होता, आणि तो शहाणपणाचा होता.

घरातील पेटीला मात्र कुलूप एकच.

१५/
ती किल्ली कोणाकडे? चित्रांत आणि वर्णनांत इंग्रज गृहिणीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो. त्यावरून ती घराची स्वामिनी होती असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, आणि तो चुकीचा आहे. इंग्लंडच्या कायद्यानुसार लग्नाबरोबर स्त्रीची जंगम मालमत्ता नवऱ्याची होई. माहेराहून आणलेली पेटी, आतल्या चादरी, रुपेरी चमचे, सगळे. किल्ली तिच्या कमरेला, मालकी त्याच्या नावावर. नवरा वारला की तिने आणलेली पेटी बहुधा ‘त्याच्या’ यादीत लिहिली जाई. ती आधी वारली तर बहुतेक वेळा यादीच होत नसे, कारण यादी करण्याजोगे तिचे असे काही कायद्याला दिसतच नव्हते.

हजारो याद्या टिकल्या म्हणून आनंद मानताना ही अनुपस्थितीही वाचायला हवी.

१६/
काही पेट्यांवर तीन अक्षरे त्रिकोणात कोरलेली सापडतात. वर आडनावाचे आद्याक्षर, खाली नवऱ्याच्या आणि बायकोच्या नावांची. गोड वाटते. मात्र वरचे अक्षर नवऱ्याच्या घराण्याचे; तिचे माहेरचे नाव त्या त्रिकोणात मावत नाही.

१७/
म्हणून अटलांटिकच्या पलीकडील एक प्रथा लक्षणीय ठरते. मॅसॅच्युसेट्समध्ये कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात, सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्याच्या पहिल्या काही दशकांपर्यंत, ओकच्या पेट्यांची एक खास धाटणी होती. हॅडली गावावरून त्यांना आज ‘हॅडली चेस्ट’ म्हणतात. दर्शनी भागभर ट्यूलिपची फुले आणि पाने कोरलेली, आणि मध्ये आद्याक्षरे: लग्नापूर्वीच्या मुलीची, माहेरच्या आडनावासह. जमीन मुलग्यांकडे जाई, मुलींना जंगम वस्तू मिळत. तेव्हा जे मिळेल त्यावर नाव कोरून घेण्यात नुसती हौस नव्हती.

१८/
त्याच खोऱ्यातील हॅना बार्नर्ड हिने तर आद्याक्षरांवर भागवले नाही. तिच्या रंगवलेल्या मोठ्या कपाटावर तिचे पूर्ण नाव ठळक अक्षरांत आहे. १७१५ मध्ये तिचे लग्न झाले, आडनाव मार्श झाले. १७१७ मध्ये बाळंतपणानंतर ती वारली. कपाट तिच्या अॅबिगेल नावाच्या मुलीकडे गेले, आणि अॅबिगेलने आपल्या मुलीचे नाव ठेवले हॅना बार्नर्ड हेस्टिंग्ज. लॉरेल थॅचर उल्रिक या इतिहासकार विदुषीने २००१ च्या ‘द एज ऑफ होमस्पन’ या ग्रंथात ही कहाणी मांडली आहे. लग्नाने पुसले जाणारे नाव लाकडावर टिकले आणि लाकडावरून पुन्हा एका माणसाला मिळाले. ते कपाट आज मिशिगनमधील हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे.

१९/
इंग्लंडच्या कायद्याला हे कळायला १८७० आणि १८८२ चे विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचे कायदे व्हावे लागले. पहिल्याने तिची कमाई तिची झाली, दुसऱ्याने तिची मालमत्ता. मधल्या काळात, १८७४ मध्ये, ब्रिटिश भारतातही त्याच नावाचा कायदा आला. त्याच्या सहाव्या कलमाखाली नवऱ्याने काढलेल्या आयुर्विम्यावर पत्नी-मुलांचाच हक्क राहतो, नवऱ्याच्या धनकोंचा नाही. विमा एजंट ज्याला ‘एमडब्ल्यूपी’ म्हणतात तो हाच. महाराष्ट्रातल्या घरांत ट्रंकेच्या तळाशी ठेवलेल्या एखाद्या पॉलिसीच्या कागदावर तो उल्लेख आजही सापडेल.

२०/
किल्लीची गोष्ट मोलकरणीपाशी येऊन आणखी धारदार होते. अठराव्या शतकातील लंडनमध्ये नोकर पोटमाळ्यावर, स्वयंपाकघरात, कधी जिन्याखाली झोपे. खोली तर सोडाच, पलंगही वाटून घ्यावा लागे. त्याची स्वतःची अशी एकच जागा असे: कुलपाची पेटी. नोकरी बदलली की पेटी डोक्यावर किंवा हातगाडीवर घालून तो पुढच्या घरी जाई. अमँडा व्हिकरी यांनी ‘बिहाइंड क्लोज्ड डोअर्स’ (२००९) मध्ये या पेट्यांकडे लक्ष वेधले आहे. आणि चोरीचा संशय आला की मालक सर्वांत आधी काय उघडायला लावी? तीच पेटी.

खासगीपणाचा इतिहास लिहिणारे राजवाड्यांच्या शयनगृहांपासून सुरुवात करतात. त्यांनी हातभर रुंदीच्या या पेटीपासून करावी.

२१/
पेटीच्या आत, डाव्या किंवा उजव्या टोकाला, वरच्या बाजूस झाकण असलेला एक अरुंद कप्पा असतो. इंग्रजीत त्याला ‘टिल’ म्हणतात. मेणबत्त्या, नाणी, अंगठी, पत्रे, असे काहीही छोटे त्यात. त्याचे झाकण उघडून उभे केले की पेटीचे मोठे झाकण त्यावर टेकवता येते, म्हणजे दोन्ही हात मोकळे. वाकून, एका हाताने झाकण सावरीत, तळाशी गेलेली चादर काढायचा ज्यांना रोजचा ताप होता, त्यांनीच हे योजले असणार. पुढे पेटीच्या खाली एकदोन खण आले, मग सगळेच खण झाले, आणि पीप्सच्या खरेदीपर्यंत येऊन आपण पोहोचतो.

२२/
आतल्या वस्तूंसह टिकलेल्या पेट्या फार दुर्मीळ. आठव्या हेन्रीचे ‘मेरी रोझ’ हे जहाज १५४५ मध्ये बुडाले आणि १९८२ मध्ये वर काढले गेले. गाळाखाली त्यातील पेट्या भरलेल्या राहिल्या होत्या. जहाजाच्या सुताराच्या दालनातून त्याची हत्यारे तर मिळालीच, पण सोंगट्यांच्या खेळाचा एक पटही मिळाला. त्या एका पटाने तो सुतार माणूस म्हणून जितका कळतो, तितका शंभर रिकाम्या, पॉलिश केलेल्या पेट्यांनी सोळाव्या शतकातील सुतार कळत नाही.

२३/
कोणी म्हणेल, कोरीव पेटी ही कला आहे. तिच्याकडे कला म्हणून पाहण्यात वावगे काय? काहीच नाही. पण संग्रहालये जवळजवळ फक्त तसेच पाहू देतात. पेटी ओट्यावर, झाकण बंद, पाटीवर लाकूड, प्रांत, अंदाजे साल. ज्या वस्तूचे सारे प्रयोजन आतल्या पोकळीत होते, तिची पोकळी प्रेक्षकाला दिसतच नाही. बैलगाडी चाके काढून मांडावी, त्यातला प्रकार.

२४/
दरम्यान बाजार पालटला आहे. गेल्या दोन-अडीच दशकांत, ज्याला तिकडे ‘ब्राउन फर्निचर’ म्हणतात, त्या जुन्या गडद लाकडी सामानाचे भाव घसरले. अठराव्या शतकातील साधी ओकची पेटी नव्या दुकानी कपाटाच्या भावात मिळू लागली. हे एका अर्थी चांगलेच झाले: पेट्या पुन्हा घरांत गेल्या, त्यांत पुन्हा पांघरुणे आली, वर चहाचे कप आले. पण स्वस्त वस्तूला हात लावताना कोणी थांबत नाही. पॉलिशपेपर घेऊन घासले जाते, खडूसारखा फिकट रंग फासला जातो, आतला मोडका टिल ‘अडगळ’ म्हणून काढून टाकला जातो. व्हिक्टोरियन कारागिराने नक्षी वाढवून जे केले, तेच आता खरवडून होते आहे.

२५/
नक्षीदार, तारीखवाल्या पेट्या सांभाळल्या जातील. त्यांचे वाली आहेत. धोका आहे तो सहा फळ्यांच्या, तडा गेलेल्या, पाय कुजलेल्या पेट्यांना, ज्या मोलकरणींच्या आणि धाकट्या लेकींच्या होत्या. त्यांच्या टिलमध्ये अजून मेणाचे ओघळ आहेत, कुलपाच्या भोवती जबरदस्तीने उघडल्याच्या खुणा आहेत. संग्रहालयांनी निदान अशी एक पेटी झाकण उघडे ठेवून मांडावी, आत दोन चादरी घालाव्यात, आणि शेजारी त्या काळातील एखादी जिनसवार यादी, किमतींसह, लावावी.